मालदीवमध्ये माणसं राहतात

आज सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर एका टूरवाल्याची जाहिरात आली. ‘मालदीव बुडण्याआधी बघून घ्या!’ खाली अंगठे, हसरे चेहरे, आणि ‘लवकर बुक करा, नाहीतर पाणबुडीने जावं लागेल.’ संध्याकाळ झाली तरी डोकं शांत होत नाहीये.

पाच लाखांच्या आसपास माणसं राहतात तिथे. त्यांच्या मरणाची घाई करून सहल विकायची?

आम्ही गेलो होतो तेव्हा माफुशी बेटावर, गावातल्या एका गेस्टहाऊसमध्ये उतरलो होतो. मालक स्वतः नाश्ता वाढायचा, मास हुनी (टूना मासा आणि खोबरं) आणि गरम रोशी, म्हणजे तिथली पोळी. शेजारच्या टेबलावरच्या आपल्याच एका माणसाने त्याला हसत विचारलं, “तुमचं बेट बुडणार कधी?” तो जरा थांबला आणि म्हणाला, “आणखी रोशी आणू?” बस, एवढंच.

नंतर बोलायला लागला. 2009 च्या सुमारापर्यंत गावाच्या बेटांवर पाहुणे ठेवायला परवानगीच नव्हती, पर्यटनाचा पैसा रिसॉर्टवाल्यांकडे. परवानगी मिळाली तशी यानेही कर्ज काढून खोल्या बांधल्या. आणि 2020 मध्ये मार्चअखेरपासून जुलैच्या मध्यापर्यंत देशाची दारं बंद! त्या एका वर्षात अर्थव्यवस्था जवळजवळ एक तृतीयांशाने आकसली. हा भावाच्या बोटीवर मासेमारीला जायचा, हप्ते मात्र चालूच.

आणि जानेवारी 2024 मध्ये आपण काय केलं? तिथले तीन उपमंत्री आपल्या पंतप्रधानांबद्दल वाट्टेल ते बोलले, तर इथे बुकिंग रद्द केल्याचे स्क्रीनशॉट मिरवले गेले. बोलले ते वाईटच होतं, मान्य. त्यांना निलंबितही केलं. पण फटका कुणाला बसला? रोशी वाढणाऱ्यालाच ना?

त्या देशाची बहुतेक जमीन समुद्रापासून एक मीटरही उंच नाही. तांदूळ, पीठ, कांदे, बटाटे, सगळं बाहेरून, त्यातलं बरंचसं आपल्याकडूनच. ते विकत घ्यायला डॉलर लागतात आणि डॉलर येतात पर्यटकांकडून. पर्यटक येतात प्रवाळासाठी, आणि समुद्र तापून ते प्रवाळ 1998 मध्ये पांढरं पडलं, 2016 मध्ये पुन्हा पडलं. 2004 च्या त्सुनामीनंतर कित्येक विहिरी खारट झाल्या. कंढोलधू बेटावरच्या लोकांना तर गावच सोडावं लागलं. डिसेंबर 2014 मध्ये मालेतल्या खारं पाणी गोडं करणाऱ्या प्रकल्पाला आग लागली, तेव्हा राजधानीला प्यायचं पाणी आपल्या विमानांनी आणि जहाजांनी पोचवलं. तेव्हा किती अभिमान वाटला होता आपल्याला!

त्यांच्या सरकारांनी कर्जाचा डोंगर केला, प्रवाळावर भराव टाकले, हेही खरं. पण जगाच्या धुरात त्यांचा वाटा नगण्य आहे. 2009 मध्ये राष्ट्राध्यक्ष नशीद यांनी पाण्याखाली मंत्रिमंडळाची बैठक घेतली, जगाने फोटो काढले. हवामान बदलाची झळ बसणाऱ्या देशांसाठीच्या नुकसानभरपाईच्या निधीला तत्त्वतः होकार मिळायला 2022 उजाडलं. तेरा वर्षं!

लिहिता लिहिता राग थोडा उतरलाय. जाऊ नका असं मी म्हणत नाही. जा, नक्की जा, त्यांचं घर त्यावरच चालतं. पण जमलं तर दोन रात्री तरी गावात राहा, म्हणजे पैसा थेट तिथल्या घरात जाईल. मालकाशी बोला. धंदा कसा चाललाय, मुलं शिकायला मालेला पाठवलीत का, पावसाचं पाणी यंदा टाकीत किती साठलं, हे विचारा. तो भरभरून बोलतो, मी ऐकलंय.