मंडळी आधी, मंदिर नंतर

मिरजेजवळच्या एका लहान ख्रिस्ती मंडळीवरील (म्हणजे एकत्र उपासना करणाऱ्या समुदायावरील) लेख वाचला. तिची स्थापना लेखकाने तिच्या उपासना मंदिराच्या कोनशिलेवरील सालावरून ठरवली आहे, ते पटले नाही. प्रेस्बिटेरियन या प्रोटेस्टंट पंथाच्या रीतीत सभासदांची नावे नोंदली गेली, त्यांच्यातून वडील (मंडळीचा कारभार पाहणारे ज्येष्ठ) निवडले गेले आणि त्यांना त्या पदाची दीक्षा मिळाली, की मंडळी उभी राहिली असे मानतात. इमारत पुष्कळदा पुढच्या पिढीला लाभते. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत सुरू केलेल्या रुग्णालयाचा उल्लेख योग्यच आहे (वानलेसवाडी हे नाव तर रोज आपल्या तोंडी असते). तरीही खेड्यातली मंडळी टिकली ती घरोघरच्या प्रार्थनांवर. आमच्या आजीकडे चुलीशेजारी एक मडके असे. भाकरीचे पीठ मळण्याआधी ती त्यातले मूठभर बाजूला काढून त्या मडक्यात टाकी आणि रविवारी ते पदराखाली धरून उपासनेला नेई. तिथे ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची गीते टाळांच्या साथीने म्हटली जात. बाजाची पेटी फार उशिरा आली, मंदिर त्याहूनही उशिरा. तेव्हा कोनशिलेपेक्षा मंडळीचे जुने बाप्तिस्मा रजिस्टर पाहावे, ही लेखकाला विनंती.