चाकवाल्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

फाटक टोकाशी लोंबू नये आणि आपोआप बंद व्हावं, याबद्दलच्या माझ्या लेखाखाली तुम्ही जे लिहिलंत ते वाचलं. ज्यांच्या नजरेतून ते सुटलं असेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तुमच्या मते लेख म्हणजे "पुस्तकी पंडिताचं पुराण". "टोकाला चाक लावा, विषय संपला." तिरका, म्हणजे चौकटीत कोपऱ्यातून कोपऱ्यात जाणारा आधार, कोणत्याही कोपऱ्यातून नेला तरी चालतो. फाटक आपोआप बंद व्हायलाच हवं असेल तर स्प्रिंग मिळते. आणि लेखात आकृती नाही, वाऱ्याचा विचारही केलेला नाही. शेवटी हसणारे तीन चेहरे.

"पुस्तकी पंडित" आधी घेतो, कारण तो शब्द तुम्ही दोनदा वापरलाय. टीका करा, माझी ना नाही. पण ज्याला तुम्ही ओळखत नाही त्याने कधी वेल्डिंगचा होल्डर हातात धरलाच नसणार, हे कशावरून ठरवलंत? लोखंड कापणं, जोडणं आणि दुसऱ्याने जोडलेलं सरळ करून देणं, यावरच माझं पोट चालत आलंय. लेखात ते सांगत बसलो नाही, कारण लेख फाटकाबद्दल होता. आकडे दिले की माणूस पुस्तकी, आणि "लावा हो, चालतंय" म्हटलं की अनुभवी, हा हिशेब मला पटत नाही. आणि एखाद्याला खोडून काढायचं तर त्याने दिलेल्या आकड्यांपैकी निदान एक तरी चूक दाखवावा. तुमच्या प्रतिक्रियेत एकही आकडा नाही.

एक मात्र मान्य. लेखात आकृती हवी होती. वरची पिन (खांबावरचा खुंटा, ज्याभोवती बिजागरी फिरते) कुठे सरकवायची हे नुसत्या शब्दांत वाचून डोळ्यांसमोर आणणं जिकिरीचं आहे. तेवढ्यापुरतं तुमचं बरोबर.

आता चाक.

लेखातलंच फाटक धरू. रुंदी ३.६ मीटर, उंची १.२ मीटर, पाइपचा सांगाडा, वजन ६० किलो, दोन बिजागऱ्यांमध्ये ९० सेंटिमीटर अंतर. वजनाचा मध्य बिजागरीपासून १.८ मीटरवर. ६० गुणिले १.८ भागिले ०.९, म्हणजे वरची बिजागरी १२० किलोच्या जोराने खांबातून उपटली जातेय आणि खालची तेवढ्याच जोराने खांबात रेटली जातेय. ३० किलोचं पोर टोकाला लोंबकळलं की दोन्ही आकडे दुप्पट. टोकाला चाक लावलं तर निम्मं वजन जमीन घेते आणि ही ओढ जवळपास संपते. हे खरं आहे. फक्त कागदावर खरं आहे, आणि पुस्तकी मला म्हटलं गेलंय.

कारण चाकाला जमीन लागते. फाटक ९० अंश उघडताना टोक पाव वर्तुळ फिरतं, आणि ३.६ मीटर त्रिज्येचं पाव वर्तुळ म्हणजे ५.६५ मीटरचा पट्टा. हा सगळा पट्टा एका पातळीत आणि टणक हवा. कुठे २ सेंटिमीटरचा खड्डा आला की चाक अधांतरी आणि सगळं वजन पुन्हा बिजागऱ्यांवर. म्हणजे बिजागऱ्या, खांब आणि खांबाचा पाया पूर्ण वजनाच्या हिशेबाने करावेच लागतात. मग चाकाने वाचवलं काय? उलट कुठे २ सेंटिमीटरचा उंचवटा किंवा दगड आला की टोक वर उचललं जातं, आणि इथे खरी गंमत आहे. वरच्या बिजागरीपासून खालच्या टोकाला गेलेला वायररोप किंवा सळई फक्त ओढ घेते. टोक वर गेलं की तो कर्ण आखडतो, वायररोप ढिला पडतो आणि सांगाडा कोपऱ्यांतल्या वेल्डिंगवर येतो. दगडावरून उतरताना तोच वायररोप झटक्यात ताणला जातो. रोज दहा वेळा असं झालं की आधी तिरक्याच्या टोकाची वेल्डिंग तडकते. मग लोक म्हणतात, वेल्डिंगवाला वाईट होता.

बिजागरी साध्या पिन आणि बुशची (बुश म्हणजे पिनवर बसणारी फाटकावरची नळी) असेल तर उंचवटा सगळं फाटकच वर ढकलतो आणि बुश पिनवरून सरकतो. पिन आखूड असली तर फाटक निसटतंही. गुरांनी शिंगांनी उचलू नये म्हणून वरची पिन उलटी, खाली तोंड करून बसवावी असं लेखात होतं. चाकवाल्या फाटकाला तेही नीट जमत नाही, कारण वर सरकायला जागाच उरत नाही आणि उंचवट्याचा सगळा जोर पिनच्या वेल्डिंगवर जातो.

आणि सगळ्यात मोठा मुद्दा, जो तुमच्या लक्षातच आलेला दिसत नाही. लेखाचं अर्धं शीर्षक होतं "आपोआप बंद होणारं". आपोआप बंद करणारा जोर किती असतो ते बघा. वरची पिन खालच्यापेक्षा २५ मिलिमीटर पुढे, म्हणजे कडीच्या (समोरच्या, जिथे कडी लागते त्या) खांबाकडे सरकवली की आस झुकते आणि ९० अंश उघडताना टोक १०० मिलिमीटर वर चढतं. चढलेलं वजन परत उतरायला बघतं, बाकी जादू काही नाही. पण ९० अंशांवर टोकाशी हा बंद करणारा जोर मोजला तर तो किलोपेक्षाही कमी भरतो, साधारण ८०० ग्रॅम. करंगळीने अडेल एवढा. आता तुमच्या चाकावर ३० किलो आलेत. भुसभुशीत मातीत लहान चाक ढकलायला त्यावरच्या वजनाचा दहावा हिस्सा तरी लागतो, म्हणजे ३ किलो. ८०० ग्रॅमने ३ किलो हलत नाहीत. शिवाय टोक १० सेंटिमीटर वर चढल्यावर चाक हवेतच असतं, आणि जमिनीवर टेकतं ते नेमकं बंद होण्याच्या जवळ, जिथे जोर सगळ्यात कमी. चाक लावा किंवा आपोआप बंद करा. दोन्ही हवं असेल तर काँक्रीटचा पट्टाच फाटकाबरोबर चढता घालावा लागेल, आणि तेवढ्या काँक्रीटमध्ये खांबाचा पाया दोनदा भरून होतो.

सपाट काँक्रीटचं अंगण आहे, फाटक पाच मीटरचं आहे, आपोआप बंद व्हायची अट नाही, तिथे स्प्रिंगवर बसवलेलं मोठं चाक लावा. तिथे मीही लावीन. पण त्याला "विषय संपला" म्हणत नाहीत.

वरच्या पिनबद्दल विचारणारे बाकीही काही जण होते, म्हणून इथेच जास्तीचं सांगतो. नुसती पुढे सरकवलेली पिन बंद होण्याच्या जवळ दगा देते. बंद जागेपासून १० अंशांवर टोकाचा जोर जेमतेम १४५ ग्रॅम उरतो आणि बुशमध्ये माती-गंज असला की फाटक तिथेच थांबतं. म्हणून एकाच बाजूला उघडणाऱ्या फाटकाला वरची पिन पुढे २५ मिलिमीटर आणि त्याशिवाय आडवी १४ मिलिमीटर सरकवायची, उघडण्याच्या उलट बाजूला. आता फाटकाची सगळ्यात खालची जागा बंद स्थितीच्या ३० अंश पलीकडे जाते. तिथे ते पोचतच नाही, कारण आधी कडीचा खांब येतो. परिणाम असा, की पूर्ण बंद असतानाही टोक साधारण ४७० ग्रॅमने खांबावर रेटलेलं राहतं. ९० अंशांवर टोकाची चढण १०० ऐवजी १५६ मिलिमीटर होते, तेव्हा आतली जमीन चढती असेल तरी सोय. पण १५० अंशांच्या पुढे उघडलं तर ते उलट्या बाजूला पडायला लागेल, म्हणून ९० ते १०० अंशांवर अडवणारा दगड किंवा खुंट हवाच. आणि बंद होताना टोकाचा वेग सेकंदाला २ मीटरपर्यंत जाऊ शकतो, तेव्हा कडीच्या खांबावर जुन्या टायरचा तुकडा बोल्टने कसा. नाहीतर खांब हलायला लागतो.

पिन सरकवल्या तशा फाटकावरचे बुशही सरकवायचे, हे विसरू नका. खांबावर वरची पिन ७५ मिलिमीटर बाहेर आणि खालची ५० मिलिमीटर असेल, तर फाटकाच्या उभ्या पाइपापासून वरचा बुश खालच्यापेक्षा २५ मिलिमीटर जवळ. हे केलं नाही तर बंद फाटकाचं टोक १०० मिलिमीटर खाली येतं. मग पाहणारा म्हणतो "लोंबलं", आणि चाक आणायला धावतो. आडव्या १४ मिलिमीटरची भरपाई नाही केली तरी चालतं, फाटकाची वरची कड २ सेंटिमीटरपेक्षा कमी कलते, एवढंच.

तिरक्याबद्दल फार लिहीत नाही. लोंबताना बिजागरीच्या बाजूच्या वरच्या कोपऱ्यापासून टोकाच्या खालच्या कोपऱ्यापर्यंतचा कर्ण लांब होतो, दुसरा आखडतो. वायररोप किंवा सळई लांब होणाऱ्या कर्णावर, लाकूड किंवा अँगल आखडणाऱ्यावर. वायररोप उलटा बांधलात तर तो नुसता शोभेचा. या मापाच्या फाटकाचं टोक २५ मिलिमीटर खाली आलं तर कर्ण फक्त ८ मिलिमीटरने लांबतो, म्हणून तारेला पीळ देऊन काम होत नाही. पिळाची तार तेवढी सैल नुसत्या उन्हापावसात आणि वापरात पडते. १० मिलिमीटरची सळई आणि टर्नबकल (फिरवून सळई आवळायचा आट्यांचा तुकडा) घ्या. ८ मिलिमीटर आवळलं की टोक २५ मिलिमीटर वर येतं, आणि मग चेकनट (ते परत सैल होऊ न देणारा जादा नट) घट्ट करा. "फरक पडत नाही" असं लिहायच्या आधी चार पट्ट्यांची चौकट प्रत्येक कोपऱ्यात एकेक खिळा ठोकून हलवून बघायची होतीत.

स्प्रिंगचं उत्तर एका ओळीत: ती फाटक उघडं असताना सगळ्यात जोरात ओढते आणि कडी लागायच्या क्षणी सगळ्यात कमी. ६० किलोच्या फाटकाला तसली स्प्रिंग लावून मागे उभं राहायची हौस तुमची.

वारा. हो, जाळी किंवा पत्रा लावलेल्या फाटकाला वारा लागतो. लेख उघड्या पाइपच्या फाटकाचा होता. तो विषय वेगळा आहे, त्यात आत्ता जात नाही.

खांब "नुसता गाडला तरी चालतो" असंही एका कोपऱ्यात लिहिलंयत. वरच्या पिनच्या उंचीवर खांब खालच्या पिनच्या मानाने १० मिलिमीटर कलला की टोक ४० मिलिमीटर खाली येतं. बुशमध्ये २ मिलिमीटर ढिलाई असली तर ८ मिलिमीटर. म्हणून १.२ मीटर खोल खड्डा, तळाशी तोंडापेक्षा रुंद, आणि काँक्रीट भरल्यावर सात दिवस फाटक टांगायचं नाही. कुंपणाच्या तारा खांबाला मागे ओढतात ती मदत फाटक बंद असतानाच मिळते. फाटक ९० अंश उघडलं की ओढ त्या दिशेला वळते आणि तिकडे तार नसते. लेखात यावर अख्खा परिच्छेद होता, वाचला असतात तर बरं झालं असतं.

तुमचं स्वतःचं चाकाचं फाटक "कित्येक वर्षं एक इंचही खाली आलेलं नाही" असं म्हणता. मानायला तयार आहे, पण माप पाहून. फाटक बंद करून टेपने दोन्ही कर्ण मोजा, खांबाला ओळंबा लावा, आणि टोक हाताने उचलून वरच्या बुशमध्ये किती मिलिमीटर खेळ आहे ते बघा. मोजताना चाकाखालची माती काढून ते मोकळं ठेवा, नाहीतर जमिनीनेच उचलून धरलेलं फाटक मोजाल. कर्णांत ५ मिलिमीटरपेक्षा कमी फरक निघाला तर आकडे इथेच लिहा, मी ते मूळ लेखात घालीन. हसणारे चेहरे नकोत.