केळ्याची शुगर १०४

"बोट टोचणं विसरा! मनगटावरचं घड्याळ आता दर मिनिटाला शुगर सांगतं. ऑक्सिमीटरसारखंच प्रकाशावर चालतं. अमेरिकेच्या एफडीएची मान्यता. शुगर तपासायच्या पट्ट्या विकणाऱ्या कंपन्यांना हे तुमच्यापासून लपवायचंय. डायबिटीस असलेल्या प्रत्येकाला पाठवा." हा निरोप मला आतापर्यंत पाच ग्रुपवर आलाय, त्यातला एक भजनी मंडळाचा. खाली हिरवा उजेड मारणाऱ्या घड्याळाचा व्हिडिओ आणि दोन हजारांच्या आतली किंमत.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त काढतो. त्यामुळे "तुमचा धंदा बसेल म्हणून बोलताय" हे मी आधीच ऐकून घेतलंय. त्यावरही बोलू.

आमच्याकडे दर तीन महिन्यांनी येणारे एक काका आहेत, एसटीतून निवृत्त झालेले. परवा आले ते हात पुढे करूनच. "या खेपेला एचबीएवनसी नको. हे बघा, ६.१ दाखवतंय. गोळी अर्धी करू ना?" मी पाहिलं तर आकड्याखाली मुंगीएवढ्या अक्षरांत एकक होतं: मिलिमोल प्रति लिटर. आपण शुगर मिलिग्रॅममध्ये मोजतो. ६.१ ला १८ ने गुणलं की ११० होतात. एचबीएवनसी हे सुमारे तीन महिन्यांच्या सरासरीचं टक्क्यांतलं माप, त्याचा या ६.१ शी काही संबंध नाही. काकांनी आत्ताचा आकडा तीन महिन्यांचा समजून मनाशी गोळी अर्धी केलीसुद्धा होती. रक्त तपासलं, मशीनवर २४३ आले. मग मी डब्यातलं केळं काढलं, घड्याळ त्याला बांधलं आणि बटण दाबलं. थोडा वेळ गोल गोल फिरून आकडा आला: ५.८. म्हणजे १०४. केळं चांगलं पिकलेलं होतं.

हे कसं होतं? घड्याळातल्या हिरव्या दिव्याचा उजेड कातडीवरून परत येतो आणि त्यातल्या चढउतारावरून ठोके मोजले जातात. तेवढं काम तो बरा करतो. शुगरचा आकडा मात्र बहुतेक वेळा एका अरुंद पट्ट्यातच फिरताना दिसतो. काही ॲप तुमचं वय, वजन, जेवणाची वेळ विचारतात. काही तर आधी बोट टोचून आलेला आकडा भरायला सांगतात आणि मग त्याच्याच आसपास घुटमळतात. मग "लॅबशी अगदी जुळतं हो!" असं वाटणारच. ज्याची शुगर मुळात शंभराच्या आसपास असते, त्याच्याशी ते रोज जुळेल. बंद घड्याळ दिवसातून दोनदा बरोबर असतं, हे त्याहून जास्त वेळा बरोबर असतं आणि नेमकं नको तेव्हा चुकतं.

आता त्या निरोपातला सगळ्यात पटण्यासारखा मुद्दा: ऑक्सिमीटर प्रकाशावर ऑक्सिजन मोजतो, मग साखर का नाही? प्रश्न चांगला आहे. ऑक्सिमीटरमागची कल्पना १९७० च्या दशकात जपानच्या निहोन कोहदेन कंपनीतले अभियंते ताकुओ आओयागी यांना सुचली. (ते एप्रिल २०२० मध्ये गेले, म्हणजे आपल्या घराघरांत ऑक्सिमीटर शिरले त्याच वर्षी.) लाल आणि अवरक्त (इन्फ्रारेड) असे दोन प्रकारचे प्रकाश बोटातून पाठवायचे, नाडीच्या ठोक्याबरोबर बदलणारा भाग तेवढा वेगळा काढायचा आणि दोन्हींचं गुणोत्तर पाहायचं. हे जमतं, कारण हिमोग्लोबिन मुळातच रंगीत आहे आणि ऑक्सिजन धरला की त्याचा रंग बदलतो. शिवाय ते रक्तात भरपूर असतं, १०० मिलिलिटरला साधारण १४ ग्रॅम.

साखरेचं तसं नाही. शुगर १०० असेल तर १०० मिलिलिटर रक्तात साखर असते ०.१ ग्रॅम. हिमोग्लोबिनच्या तुलनेत १४० पट कमी. मोठ्या माणसाच्या अंगातल्या पाच लिटर रक्ताचा हिशोब केला तर पाच ग्रॅम, चहाचा एक चमचा. तीही बिनरंगाची. अवरक्त प्रकाशात ती थोडीफार दिसते खरी, पण तिथे पाणीही प्रकाश शोषतं, आणि रक्तात बहुतांश पाणीच आहे. त्यावर कातडीची जाडी, घाम, थंडी, पट्टा सैल की घट्ट, सगळ्याचा गोंगाट. भर बाजारात शेजारच्या गल्लीतली कुजबुज ऐकण्यासारखं आहे हे. अशक्य आहे असं मी म्हणत नाही, प्रयोग चालू आहेत. पण दोन हजारांच्या पट्ट्यात ते बसलंय, हे खोटं.

"एफडीएची मान्यता." आपल्याकडे एफडीए म्हटलं की औषधांच्या दुकानावर धाड घालणारं राज्याचं खातं आठवतं, इथे औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना मंजुरी देणारी अमेरिकेतली संस्था अभिप्रेत आहे. त्याच संस्थेने २१ फेब्रुवारी २०२४ रोजी जाहीर इशारा दिला होता: कातडी न टोचता स्वतःच शुगर मोजणाऱ्या एकाही स्मार्टवॉचला किंवा अंगठीला आम्ही मंजुरी दिलेली नाही, ब्रँड कोणताही असो, वापरू नका. मग अशा घड्याळांच्या जाहिरातीत दाखवतात ते गरुडाच्या चित्राचं 'सर्टिफिकेट'? कंपनी त्या संस्थेकडे नाव नोंदवू शकते. नोंदणी म्हणजे मान्यता नव्हे, आणि नोंदणीचं प्रमाणपत्र ती संस्था देतच नाही. शॉप ॲक्टचा परवाना दाखवून कोणी "माझ्या वड्याची चव सरकारमान्य आहे" म्हणावं, तसलाच प्रकार. आणि डब्यातली माहितीपुस्तिका उघडून पाहा. काकांच्या घड्याळाच्या पुस्तिकेत शेवटच्या पानावर लिहिलं होतं की हे वैद्यकीय उपकरण नाही. निरोपात जे ठासून सांगितलंय, ते कंपनी स्वतः लिहायला तयार नाही.

"मग दंडावर चिकटवतात ते काय?" तो सेन्सर वेगळा, आणि तो टोचतोच. नाण्याएवढ्या चकतीखाली केसासारखी तार असते, ती कातडीखाली अर्धा सेंटिमीटरभर जाते. तिच्यावरचं ग्लुकोज ऑक्सिडेज हे विकर (एन्झाइम) साखरेशी अभिक्रिया करतं आणि त्यातून मिळणाऱ्या विजेच्या संकेतावरून आकडा निघतो. अशा सेन्सरचा आकडा फोनवर किंवा घड्याळावर उमटत असेल तर ते ठीक आहे, तिथे घड्याळ नुसता पडदा आहे. तरी हा सेन्सरही रक्तातली साखर मोजत नाही. तो पेशींच्या मधल्या जागेत असलेल्या द्रवातली मोजतो, म्हणून काही मिनिटं मागे असतो. त्या कुशीवर झोपलात तर दाबाने खोटा कमी आकडाही दाखवतो.

आता धंद्याचं. पट्ट्यावाल्या कंपन्या शोध दाबून ठेवतात म्हणे. उलट आहे. दंडावरचा सेन्सर विकणारी ॲबट कंपनी पट्ट्याही विकत होतीच. ज्याने पट्ट्यांची गरज कमी होते ते तिनेच बाजारात आणलं, कारण त्यात जास्त पैसा आहे. न टोचता मोजणारं खरं यंत्र ज्याला जमेल तो गडगंज होईल, आणि त्यामागे लागलेले लोक लहानसहान नव्हते. २००१ मध्ये अमेरिकेत ग्लुकोवॉच नावाच्या घड्याळाला खरोखर मंजुरी मिळाली होती. ते बारीक वीजप्रवाहाने कातडीतून द्रव ओढून घ्यायचं. कातडी लाल व्हायची, घाम आला की मोजमाप बंद पडायचं, आणि ते जुळवून घ्यायला बोट टोचावंच लागायचं. काही वर्षांत ते बाजारातून गेलं. २०१४ मध्ये गूगलने अश्रूंतली साखर मोजणाऱ्या कॉन्टॅक्ट लेन्सची घोषणा केली, २०१८ मध्ये ते काम थांबलं, कारण अश्रूंतली आणि रक्तातली साखर भरवशाने जुळेना. गूगलला कोणी पट्टीवाल्याने दाबलं असं ज्याला वाटतं, त्याच्यापुढे माझे हात टेकले.

"ग्लुकोमीटरसुद्धा दोनदा टोचलं तर दोन आकडे देतो." देतो. पण किती चुकायचं याला मर्यादा आहे. आंतरराष्ट्रीय मानकानुसार १०० किंवा त्याहून जास्त शुगर असेल तर १०० पैकी ९५ वेळा आकडा लॅबच्या १५ टक्क्यांच्या आत हवा. म्हणजे लॅबचे २०० आणि घरचे १८० ही भांडायची गोष्ट नव्हे. २४३ चे ११० ही आहे. बरं, घरचा आकडा चुकतो तो अनेकदा आपल्या हाताने. मे महिन्यात एक बाई ३०० च्या वर आकडा घेऊन घाबरून आल्या होत्या. आंबे चिरून, हात न धुता टोचलं होतं. साबणाने हात धुवून पुन्हा घेतलं, १५८.

घड्याळातलं सगळंच थोतांड आहे असंही नाही. घड्याळावरच्या ईसीजीला २०१८ मध्ये त्याच अमेरिकी एफडीएने परवानगी दिली, चाचण्या तपासून दिली. शुगरच्या घड्याळाकडे ते नाही, एवढंच.

घेऊन झालंच असेल तर पावलं मोजा. पण घरात इन्सुलिन घेणारं किंवा शुगर खाली आणणाऱ्या गोळ्या घेणारं कोणी असेल, आणि त्याला दरदरून घाम, थरथर, बोलण्यात गडबड असं काही झालं, तर मनगटाकडे बघत बसू नका. बोट टोचा. ७० च्या खाली आकडा असेल, किंवा ग्लुकोमीटर हाताशी नसेल, तर माणूस शुद्धीत असताना तीन चमचे साखर पाण्यात घालून पाजा आणि १५ मिनिटांनी पुन्हा टोचा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट १०८ ला फोन लावा.