अर्थिंगला पाणी पाजा

लातूरच्या एमआयडीसीतल्या एका डाळमिलच्या शेटजींना हॉपरमधल्या तुरीचं वजन थेट लॅपटॉपवर बघायची हौस आली. हॉपर म्हणजे धान्य ओतायचं भलंमोठं नरसाळं, एक टनाचं. त्याला लोडसेल, म्हणजे वजनाचे व्होल्ट करणारा सेन्सर, सोबत ते व्होल्ट आकड्यांत बदलून लॅपटॉपला देणारं १६ चॅनेलचं डेटा ॲक्विझिशन कार्ड, आणि जुंपलेला मी.

लोडसेलला १० व्होल्ट दिले की त्याच्या दोन्ही सिग्नल तारा ग्राउंडपासून ५-५ व्होल्टांवर जाऊन बसतात. हॉपर गच्च भरला तरी त्यांच्यातला फरक जेमतेम २० मिलीव्होल्ट. मोजायचा तो हाच. शेटजींनी मल्टीमीटरवर ५ व्होल्ट पाहिले आणि किंचाळले, "हॉपर तर रिकामा आहे!"

फिटरमामांनी बिडी विझवली. "शेटजी, दोघं भाऊ माळवदावर उभे हायत. कोण किती उंच ते बघायचंय. माळवद कशाला मोजायलाव?"

कॉलेजात हे आम्हाला अख्ख्या सेमिस्टरभर शिकवलं होतं म्हणे.

कार्ड डिफरन्शियलवर टाकलं, म्हणजे ते दोन तारांतला फरकच तेवढा मोजणार. रेंज होती ±१० व्होल्ट. १६ बिटांत तिचे ६५,५३६ तुकडे, एकेक ०.३ मिलीव्होल्टचा. २० मिलीव्होल्टांत असे पासष्टच मावतात, म्हणजे तूर पंधरा-पंधरा किलोंच्या उड्या मारत वाढणार. पावशेरावरून हमालाशी तासभर वाद घालणाऱ्या माणसाला हे दाखवायचं! रेंज ±१०० मिलीव्होल्टवर आणली, तूर शहाण्यासारखी चढू लागली.

मग मोटर सुरू झाली आणि आकडे पिसाळले. फरक कितीही इवलासा असो, दोन्ही तारा कार्डाच्या ग्राउंडपासून साधारण ±११ व्होल्टांच्या आत हव्यात, ही त्याची अट. इथं लोडसेल पॅनलच्या अर्थिंगवर, कार्ड ऑफिसच्या अर्थिंगवर, आणि त्या दोघांतच १४ व्होल्ट एसी! महिना मे. अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ होतं, कोळसा होता, फक्त ओल नव्हती. मातीच्या भेगेत मामांचा पाना आख्खा गेला.

ज्या गावानं २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी प्यायलं, तिथं भर दुपारी मी "खड्ड्यात पाणी ओता" म्हणत होतो. टँकरपाशी घागरी घेऊन उभ्या असलेल्या बायांनी माझ्याकडे असं पाहिलं की मीच दोन पावलं मागे सरलो. मामांनी मात्र कूलरमधलं उरलंसुरलं पाणी आणून ओतलं, लोडसेलच्या सप्लायच्या मायनसपासून कार्डाच्या ग्राउंडला एक वायर जोडली, आणि आकडा जागेवर बसला.

शेटजी खूश. जाता जाता मी सांगितलं, डिफरन्शियलमध्ये एका मापाला दोन टर्मिनल लागतात, तेव्हा १६ चॅनेलचे आता आठच धरा.

"बरं," शेटजी म्हणाले, "मग बिलही निम्मंच ना?"