भूत होतं की नव्हतं, तेवढं सांगा

वाचनगटात या खेपेला पुस्तक सुचवायची पाळी माझी होती, एवढाच माझा गुन्हा. झपाटलेल्या बाईची छोटीशी मानसशास्त्रीय भयकादंबरी, तीही तिनेच सांगितलेली. हस्ताक्षर बदलतं, झोप उडते, तोंडून भलतंच निघतं. खरंच कुणी अंगात शिरलंय की बाईचं मन बिनसलंय, हे शेवटपर्यंत उलगडत नाही. मजा त्यातच आहे, असं मी समजत होतो.

काकांनी पुस्तक माझ्यापुढे आपटलं. "भूत होतं की नव्हतं?"

"ते लेखिकेने वाचकावर सोडलंय."

"माझ्यावर का? मी काय केलंय तिचं?"

त्यांनी समासात पेन्सिलीने नोंदी केल्या होत्या. शंका आली की एकतर 'भूत', नाहीतर 'डोकं'. शेवटच्या कोऱ्या पानावर बेरीज: भूत 19, डोकं 19. "सामना बरोबरीत सुटलाय. आता निकाल तुम्ही द्या, पुस्तक तुमचं आहे."

मी विद्वत्तेचा आधार घेतला. म्हटलं, हेन्री जेम्सची 'द टर्न ऑफ द स्क्रू' ही भुतांची कादंबरी 1898 साली आली. भुतं फक्त त्यातल्या गव्हर्नेसच्या, म्हणजे मुलं सांभाळणाऱ्या शिक्षिकेच्या मनात आहेत, असं समीक्षक एडमंड विल्सनने 1934 मध्ये मांडलं, आणि समीक्षक अजून भांडताहेत.

काका हबकले. "इतक्या वर्षांत कुणी नीट चौकशीच केली नाही?"

मग मी वैद्यकाकडे वळलो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-11 या आजारांच्या यादीत, आपला ताबा दुसऱ्या कुणीतरी घेतलाय असं वाटायला लावणाऱ्या विकाराची वेगळी नोंद आहे. काकांचे डोळे चमकले. "म्हणजे अधिकृत आहे! मग ताबा कोण घेतं?"

"रुग्णाला काय वाटतं, तेवढंच लिहिलंय."

"म्हणजे त्यांनीही वाचकावरच सोडलंय!"

दुसऱ्या टोकाला एक बाई लक्षणांची यादी करून आल्या होत्या. चिडचिड, निद्रानाश, बोललेलं विसरणं. सगळी त्यांच्या यजमानांना लागू पडत होती. यजमान शेजारीच बसले होते, हसले, आणि बाईंनी त्या हसण्यापुढेही खूण केली. एकांना नायिका उद्धट वाटली. अहो, तिला झपाटलंय! एका तरुणाला भीतीच वाटली नव्हती. भर दुपारी, गर्दीच्या बसमध्ये, मधूनमधून फोन बघत वाचल्यावर कशी वाटेल? तरी पाचपैकी दोन तारे देऊन मोकळा.

राग याचा नाही. पुस्तकात एक पान आहे, ती नवऱ्याची माफी मागते ते. इतकी समजूतदार, इतकी गोड माफी, की आपण सुटकेचा निःश्वास टाकतो. पुढे कळतं, माफी मागणारी ती नव्हतीच. तिथे मी पुस्तक मिटून घरातले सगळे दिवे लावले होते. त्या पानाबद्दल दोन तासांत एक शब्द नाही! विषय काढला, तर एकांनी विचारलं, "पुढच्या वेळी जरा हलकंफुलकं मिळेल का?"

अखेर हात वर करून मतदान झालं. काका तटस्थ. भूत बहुमताने मंजूर, तशी इतिवृत्तात नोंद, आणि लेखिकेला हा निर्णय कळवायची जबाबदारी माझ्यावर.