‘एचआयव्ही डोक्यात चढला’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

इंदूरच्या मराठी घरांत एक मेसेज फिरतोय: ‘एचआयव्हीच्या पेशंटचं डोकं दुखलं की व्हायरस मेंदूत चढला समजा. त्याच दिवशी एआरटी सुरू करा. कमरेतून पाणी काढू देऊ नका, लकवा मारतो.’ (एआरटी म्हणजे एचआयव्हीवरची औषधं.) यावर विसंबणाऱ्याचा जीव जाऊ शकतो.

व्हायरस ‘आता’ चढत नाही. लागण झाल्यावर काही आठवड्यांतच तो मेंदूपर्यंत पोचलेला असतो. सीडी-4 (रोगाशी लढणाऱ्या रक्तातल्या पेशींची मोजणी) 100 च्या खाली गेलेल्या माणसाची डोकेदुखी रोज वाढत असेल, उलट्या होत असतील, एकाच्या दोन वस्तू दिसत असतील, तर शोधायचं ते क्रिप्टोकॉकस ही बुरशी, टीबी किंवा टोक्सोप्लाझ्मा हा परजीवी. मेनिंजायटिसमध्ये, म्हणजे मेंदूच्या आवरणाला सूज आली की, पांढऱ्या पेशी मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यात (कमरेतून काढतात ते हेच) उतरतात आणि एचआयव्हीलाही सोबत नेतात. त्यामुळे एरवी रक्तापेक्षा तिथे कमी असणारा व्हायरल लोड (व्हायरसचं प्रमाण) चांगलाच वाढू शकतो. पण आधी जीव घेतो तो दुसरा जंतू.

लकव्याची भीती सगळ्यात घातक. मोठ्या माणसाचा मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी संपतो. सुई त्याच्या खाली, तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्यामध्ये जाते. फिट आली असेल, एक बाजू लुळी पडली असेल किंवा शुद्ध हरपत असेल, तर मात्र आधी सीटी स्कॅन. क्रिप्टोकॉकसमध्ये पाणी काढणं हा नुसता तपास नाही, उपचारच आहे. या पाण्याचा दाब 25 सेंटिमीटरच्या वर असेल, तर तो 20 च्या खाली किंवा निम्म्यावर येईपर्यंत पाणी काढतात. त्रास परतला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. यात कुचराई झाली की नजर जाते. मॅनिटॉल या दाब उतरवणाऱ्या औषधाने हे काम होत नाही, आणि या बुरशीत डेक्सामेथासोन या स्टेरॉइडने नुकसानच होतं.

आता ‘त्याच दिवशी एआरटी’. युगांडा आणि दक्षिण आफ्रिकेतल्या 2014 च्या अभ्यासात क्रिप्टोकॉकसच्या रुग्णांना एक-दोन आठवड्यांत एआरटी दिली, तेव्हा 26 आठवड्यांत 45 टक्के दगावले. पाच आठवडे थांबलेल्यांत 30 टक्के. म्हणून आधी बुरशीवरचं औषध: लिपोसोमल अँफोटेरिसिन किलोमागे 10 मिलिग्रॅम, एकच डोस, आणि 14 दिवस फ्लुसायटोसिन व फ्लुकोनाझोल. रक्तातलं पोटॅशियम आणि क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) यांवर लक्ष हवंच. एआरटी 4 ते 6 आठवड्यांनी. टीबी मेनिंजायटिसमध्येही 4 ते 8 आठवडे थांबतात. टोक्सोप्लाझ्मामध्ये मात्र दोन आठवड्यांच्या आसपास सुरू करतात. थांबायचं ते अजून एआरटी न घेणाऱ्यांनी. जे घेत आहेत त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी बंद करू नये.

सीडी-4 कमी आला असेल, तर इंदूरच्या एम. वाय. हॉस्पिटलमधल्या एआरटी केंद्रात क्रिप्टोकॉकल अँटिजनची (या बुरशीचा अंश शोधणारी) रक्तचाचणी मागा. डोकं दुखण्याच्या कित्येक दिवस आधीच ती पॉझिटिव्ह येऊ शकते, आणि तेव्हा फ्लुकोनाझोलच्या गोळ्यांनी मेनिंजायटिस टाळता येतो.