तारा टेकडीवर दुधाचा तांब्या नेऊ नका

‘आयर्लंडमधले प्राचीन शिवलिंग’ या मथळ्याचा संदेश सध्या मराठी गटांतून फिरतो आहे. तो माझ्या मामींपर्यंत पोचला. डिसेंबरात लेकीकडे डब्लिनला निघालेल्या मामींनी सामानात अभिषेकाचा तांब्या ठेवला, म्हणून हे लिहिणे भाग पडले. संदेशाचे म्हणणे थोडक्यात असे: तारा टेकडीवरचा ‘लिआ फॉल’ हा उभा दगड वैदिक लोकांनी स्थापलेले शिवलिंग आहे, टेकडीचे नाव तारादेवीवरून पडले, जवळचे न्यूग्रेंज हे त्याच लोकांचे सूर्यमंदिर, २१ डिसेंबरला पहाटे तिथे कुणालाही आत सोडतात, शेंगेन व्हिसा पुरतो, आणि जाताना दूध न्या, दगडावर अभिषेक करा.

शेवटचे वाक्य आधी घेते, कारण त्याने खरोखरीचे नुकसान होईल. लिआ फॉल उघड्या माळावर उभा आहे. २०१२ साली कुणीतरी हातोड्याने त्याचे टवके उडवले, २०१४ साली त्यावर लाल-हिरवा रंग ओतला. ज्या दगडाने हे सोसले आहे त्यावर दूध-तूप ओतायला सांगणे म्हणजे भक्ती नव्हे. दूध दगडाच्या बारीक छिद्रांत मुरते, स्निग्धांश वाळून बसतो, त्यावर जंतू आणि बुरशी वाढते, आणि मग ते घासून काढताना मूळ पृष्ठभागच झिजतो. उज्जैनला महाकालेश्वराचे लिंग झिजते म्हणून ते घासायला सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली मनाई केली. जिथे पूजा अखंड चालू आहे तिथे ही काळजी, मग दुसऱ्यांच्या संरक्षित स्मारकावर तांब्या उपडा करायचा?

शिवाय तो दगड आज जिथे आहे ती त्याची मूळ जागा नाही. पूर्वी तो ‘माउंड ऑफ द होस्टेजेस’ या ढिगाऱ्याजवळ होता. १७९८ च्या ब्रिटिशविरोधी बंडात ताराच्या लढाईत पडलेल्यांच्या कबरीवर खूण म्हणून तो शेजारच्या उंचवट्यावर हलवला. तुम्हाला जिथे अभिषेक करायला सांगत आहेत, तिथे तिथल्या लोकांचे हुतात्मे पुरले आहेत.

आपली श्रद्धा ताराच्या मातीत शोधणारे आपण पहिले नाही. १८९९ ते १९०२ या काळात स्वतःला ब्रिटिश-इस्रायली (ब्रिटिश लोक प्राचीन इस्रायलचे वंशज मानणारे) म्हणवणाऱ्या पंथाने बायबलमधली कराराची पेटी, म्हणजे दहा आज्ञांच्या शिळांची पवित्र पेटी, इथे पुरली आहे असे ठरवून टेकडीचा एक भाग खणून काढला. कवी यीट्स आणि डग्लस हाइड यांनी जाहीर विरोध केला. पेटी मिळाली नाही. जुने थर मात्र कायमचे उद्ध्वस्त झाले.

नावाचे पाहू. ‘तारा’ हे इंग्रजी जिभेवर घडलेले रूप. आयरिशमध्ये टेकडीच्या नावाचा उच्चार साधारण ‘तेवर’सारखा होतो. तारादेवीचा संबंध तिथेच संपतो.

‘वैदिक लोकांनी बांधले’ याला एक अर्धसत्य चिकटलेले आहे, ते मान्य करते. आयरिश आणि संस्कृत एकाच भाषाकुळातल्या आहेत. आयरिश ‘री’ आणि आपला ‘राजा’ यांचे मूळ एक. पण म्हणून न्यूग्रेंजसारखी प्राचीन थडगी वैदिक होत नाहीत. न्यूग्रेंज इसवी सनापूर्वी ३२०० च्या सुमाराचे, म्हणजे गिझाच्या मोठ्या पिरॅमिडहूनही पाचशे-सहाशे वर्षे जुने. ते बांधणाऱ्यांची हाडे तपासली गेली आहेत. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातल्या लारा कॅसिडी आणि सहकाऱ्यांनी २०२० साली ‘नेचर’मध्ये न्यूग्रेंजसह अशा अनेक थडग्यांतल्या माणसांचे जनुकीय विश्लेषण छापले. ते लोक शेतकरी होते, त्यांचे पूर्वज पिढ्यान्‌पिढ्या सरकत ॲनाटोलियाकडून (आजच्या तुर्कस्तानातून) युरोपात आले होते. ज्या स्थलांतराशी आपल्या भाषाकुळाचा प्रसार जोडला जातो, त्या काळ्या समुद्राच्या उत्तरेकडच्या गवताळ प्रदेशातल्या लोकांचा वंश आयर्लंडमध्ये त्यानंतर कितीतरी शतकांनी दिसतो. म्हणजे न्यूग्रेंज बांधणारे केल्टिक (आयरिश ज्या शाखेतली भाषा आहे ती बोलणारे) नव्हते आणि वैदिकही नव्हते.

‘सूर्यमंदिर’ म्हणणे निम्मे बरोबर. न्यूग्रेंज हे ‘पॅसेज टूम’, म्हणजे बोळाचे थडगे आहे: अरुंद दगडी बोळ, टोकाला खोली, वर दगडमातीचा ढीग. खोलीत दहन केलेल्या माणसांच्या अस्थी मिळाल्या. पण दारावर एक झरोकाही मुद्दाम ठेवलेला आहे. बोळ १९ मीटर लांब आणि चढता, त्यामुळे खोलीची जमीन झरोक्याच्या पातळीला येते. म्हणूनच वर्षातल्या सर्वांत लहान दिवसांत उगवत्या सूर्याचे किरण दारातून नव्हे तर झरोक्यातून खोलीत पोचतात. हे २१ डिसेंबर १९६७ ला उत्खनक मायकल ओ'केली यांनी स्वतः आत बसून पाहिले. बाहेरची पांढऱ्या गारगोटीची उभी भिंत मात्र त्यांची पुनर्रचना आहे, आणि तिच्याबद्दल पुरातत्त्वज्ञांत वाद आहे. तिचे फोटो ‘पाच हजार वर्षे जशीच्या तशी’ म्हणून पाठवू नका.

आता प्रवासाचे. २१ डिसेंबरला येईल त्याला आत सोडतात हे खोटे. त्या दिवसांतल्या पहाटेसाठी सोडत निघते, हजारो अर्ज येतात, मूठभरांना जागा मिळते. ज्यांचे नाव लागते त्यांनाही ढग आले तर अंधारच दिसतो. किरण सकाळी ८:५८ च्या सुमारास शिरतो आणि १७ मिनिटांत जातो. डब्लिनहून सूर्योदय बघून निघालात तर चुकलेच.

सोडतीत नाव लागले नाही तरी न्यूग्रेंज पाहता येते, आणि वर्षभर मार्गदर्शक आत दिवे मालवून विजेच्या झोताने तो किरण दाखवतात. मात्र थेट स्मारकाच्या फाटकावर जाऊ नका. नकाशात नुसते ‘न्यूग्रेंज’ घातले तर गाडी बॉइन नदीच्या उत्तर काठावर नेते आणि तिथून परत फिरावे लागते. प्रवेश फक्त दक्षिण काठावरच्या, डोनोर गावाजवळच्या ‘ब्रू ना बोन्या’ केंद्रातून. एम-१ महामार्गावर ९ क्रमांकाचा फाटा घ्या. केंद्रातून पायपूल ओलांडून बसने नेतात. वेळेचे तिकीट हेरिटेज आयर्लंडच्या संकेतस्थळावर आधी काढा, आणि ‘आतल्या खोलीसह’ असलेलेच निवडा, नाहीतर बाहेरूनच परताल. बोळात वाकून, काही ठिकाणी तिरके होऊन जावे लागते; गुडघे दुखणाऱ्यांनी, बंद जागेची भीती असलेल्यांनी विचार करावा. मोठी पिशवी आणि फोटो दोन्हीला मनाई. शेजारच्या नाउथ या अशाच थडग्याच्या खोलीत जाता येत नाही, पण तिथल्या कोरीव शिळा खुल्या आकाशाखाली मनसोक्त पाहता येतात. मला विचाराल तर तो भाग अर्ध्या तासात उरकू नये.

लॉक्रू इथल्या अशाच आणखी एका थडग्याची ‘किल्ली कॅफेत मिळते’ ही माहिती जुनी आहे. बांधकाम धोक्यात आल्यावर किल्ली देणे थांबवले.

शेंगेन व्हिसा चालत नाही, आयर्लंड शेंगेनमध्ये नाही. भारतीय पासपोर्टवर आयरिश व्हिसा लागतो. काही ब्रिटिश व्हिसांवर, आधी ब्रिटनमध्ये उतरून, पुढे जाता येते, पण आपल्या व्हिसावरची नोंद वाचूनच तिकीट काढा.

तारा टेकडीला तिकीट नाही. डब्लिनहून नॅव्हन गावाच्या बसने फाट्यावर उतरून थोडे चालावे. मेंढ्या चरतात, हिवाळ्यात चिखल असतो, डिसेंबरात चारच्या थोडे नंतर सूर्य मावळतो. माउंड ऑफ द होस्टेजेसच्या लोखंडी जाळीतून डोकावले की आतली कोरीव शिळा दिसते. त्यासाठी विजेरी न्या. तांब्या घरी ठेवा.